उसात सापडलेली पिल्लं: बिबट्याची नव्हेत, वाघाटीची

आंबेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी दादांनी ऊसतोडीत सापडलेल्या दोन पिल्लांचा फोटो पाठवून तीन प्रश्न विचारले आहेत. पिल्लं बिबट्याची आहेत का? गावातले काही जण म्हणतात तशी ती भीमाशंकरच्या जंगलात नेऊन सोडावीत का? आणि मोठी झाल्यावर ती कोंबड्या धरतील का? पिल्लं सकाळपासून पाटीखाली झाकून ठेवली आहेत आणि कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध पाजलंय, असंही त्यांनी लिहिलंय.

दादा, आधी तातडीचं. दूध पाजणं थांबवा. गाईच्या दुधाने या पिल्लांना हगवण लागते आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी बघता बघता संपतं. त्यातून उताणं धरून पाजलेलं दूध श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होतो. त्या पिल्लाला वाचवणं उपाशी पिल्लाला वाचवण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. संध्याकाळपर्यंतची भूक ती काढतील. गारठा मात्र काढणार नाहीत, कारण या वयात पिल्लांना स्वतःचं अंग गरम राखता येत नाही, आई आणि भावंडांची ऊब लागते. दोघांना एकत्रच ठेवा, खाली गोणपाट घाला, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. मुलांना हाताळू देऊ नका, घरातलं मांजर जवळ फिरकू देऊ नका. आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून वनरक्षकांना बोलवा. पिल्लं आज संध्याकाळीच सापडली त्या जागी परत जायला हवीत.

आता ओळख. ही पिल्लं वाघाटीची, म्हणजे एका अगदी छोट्या रानटी मांजरीची आहेत. ठिपके दिसले की आपल्याकडे पहिला शब्द 'बिबट्या' हाच येतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागात तो का येतो हे सांगायला नको. पण ठिपक्यांवर जाऊ नका, वजनावर जा. किराणा दुकानातला काटा यासाठी पुरेसा आहे. बिबट्याचा बछडा जन्मतःच साधारण अर्धा किलोचा असतो, डोळे उघडायच्या सुमारास त्याहूनही जड. वाघाटीचं पिल्लू जन्मतः साठ-सत्तर ग्रॅमचं, म्हणजे शंभर ग्रॅमच्याही खाली. तुमच्या फोटोत दोन्ही पिल्लं एकाच तळहातावर मावली आहेत आणि दोघांचे डोळे उघडे आहेत. डोळे उघडलेले बिबट्याचे दोन बछडे एका तळहातावर मावत नाहीत. बछड्याचे पंजे अंगाच्या मानाने थोराड दिसतात, अंगावरची लव धुरकट, लोकरीसारखी असते आणि ठिपके तिच्यात दाटीवाटीने बुडालेले असतात. वाघाटीच्या पिल्लाच्या अंगावर काळसर ठिपक्यांच्या सरळ ओळी असतात, डोळ्यांच्या आतल्या कडेने पांढऱ्या रेघा कपाळावर चढतात आणि कान छोटे, गोलसर असतात. प्रौढ वाघाटीच्या पाठीवरचे ते तांबूस, गंजाच्या रंगाचे डाग पिल्लांत नसतात, ते पुढे येतात. त्यामुळे पुस्तकातल्या चित्राशी पिल्लू ताडून पाहणारे हमखास फसतात.

उसात सापडणारा तिसरा उमेदवार म्हणजे रानमांजर, कोणी त्याला बाऊल म्हणतं. त्याच्या पिल्लांवर पुसट पट्टे असतात, पण रंग एकूण मातकट आणि बांधा उंच पायांचा. मोठं झालं की अंगावरची नक्षी जवळजवळ जाते. वाघाटीचं मोठेपणीही तसं होत नाही.

वाघाटी ही आशियातली सर्वांत लहान रानटी मांजर. आफ्रिकेतल्या काळ्या पायांच्या मांजरीशी तिची जगातल्या सर्वांत लहान मार्जाराच्या मानासाठी बरोबरी चालते. पूर्ण वाढलेली वाघाटी भरते ०.९ ते १.६ किलो, म्हणजे घरच्या मांजराच्या निम्मी. डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी ३५ ते ४८ सेंटीमीटर, शेपटी त्याच्या साधारण निम्मी. महिन्याभराचा बिबट्याचा बछडा वजनात तिला गाठतो. अंगावर करड्या रंगाची आखूड लव, पोट पांढरं आणि त्यावर मोठे गडद ठिपके. कपाळावरून चार गडद रेघा मागे जातात. शास्त्रीय नाव प्रायोनेल्युरस रुबिजिनोसस. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ इसिदोर जॉफ्रुआ सँतिलेर याने १८३१ साली पाँडिचेरीहून आलेल्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं. भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढाच तिचा मुलूख, बाकी जगात ती नाही.

ती कशी जगते हे समजून घ्यायचं तर हे वजन डोक्यातून जाऊ देऊ नका. एक किलोच्या शिकाऱ्याला उंदीर, छोटे पक्षी, सरडे, बेडूक, मोठे किडे एवढंच झेपतं. मोठा पाऊस पडून गेला की बेडूक आणि बिळातून बाहेर पडलेले उंदीर टिपायला ती उघड्यावर येते. आणि तिला मारू शकणाऱ्यांची यादी लांब आहे: बिबट्या, कोल्हा, रानमांजर, घुबड, आणि गावाच्या वेशीवर सर्वांत जास्त, मोकाट कुत्री. म्हणून ती रात्रीची. दिवसा झाडाच्या ढोलीत, काटेरी जाळीत, दगडांच्या कपारीत पडून राहते. झाडावर ती सफाईने चढते आणि धोका वाटला की पहिली धाव वर घेते. पिल्लं घालायलाही तिला गुहा किंवा मोठी बीळ लागत नाही, हातभर आडोसा पुरतो. दक्षिण भारतात सोडून दिलेल्या घरांच्या छपरांतही तिची पिल्लं आढळली आहेत आणि श्रीलंकेत चहाच्या मळ्यांत. उसाच्या सरीत, पाचटाखाली ती सापडली यात वेगळं काही नाही.

गर्भकाळ साधारण ६५ ते ७० दिवसांचा. एका वेळी एक ते तीन पिल्लं. एका वेतात पिल्लं थोडीच असल्यामुळे प्रत्येक पिल्लू मोलाचं. एक आणि तीन यांत वाघाटीच्या बाबतीत फार फरक पडतो. 'हिची पिल्लं थंडीतच होतात' असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, काही बातम्यांतही वाचलंय. मला ते पटत नाही. आपल्याला ती थंडीत दिसतात, कारण दिवाळीनंतर गाळप हंगाम सुरू होतो आणि फडात कोयता फिरायला लागतो. जून-जुलैत बारा फूट उसाच्या मधोमध कोण बघायला जातं? प्राणिसंग्रहालयांत या मांजरी वर्षभर कधीही वितात. आपल्या नोंदी या कारखान्याच्या वेळापत्रकाने झालेल्या नोंदी आहेत, हे लक्षात ठेवलेलं बरं.

मुलखाबाबतही असंच झालं. बरीच वर्षं पुस्तकांत ही मांजर दक्षिण भारत, गुजरात आणि श्रीलंका इथलीच म्हणून नोंदलेली असायची. मग कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, आले आणि ती हरियाणातल्या कालेसरमध्ये, उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतमध्ये, आपल्याकडे नागझिऱ्यात, मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दिसायला लागली. २०१२ साली नेपाळच्या बर्दिया राष्ट्रीय उद्यानात तिचा फोटो मिळाला आणि एक देशच यादीत वाढला. मांजर नव्याने पसरली नव्हती, बघणारे वाढले होते. अजूनही बहुतेक कॅमेरे वाघासाठी लावलेले असतात, वाघाच्या वाटेवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर. त्याच्या खालून एक किलोची मांजर सटकन जाते आणि फोटोत नुसती शेपटी उरते. शेतात तर कॅमेरे जवळजवळ नसतातच.

आणि शेत हीच तिची जुनी जागा आहे. मद्रास इलाख्यात लष्करी डॉक्टर असलेले टी. सी. जर्डन यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय की ही मांजर आटलेल्या तळ्यांतल्या गवतात, झुडपांत, गावाजवळच्या मोकळ्या रानात, प्रसंगी नाल्या-गटारांत राहते आणि दाट जंगलातली ती नव्हे असं म्हणतात. त्यांनी १८४६ साली एक पिल्लू पाळलंही होतं. ते अगदी माणसाळलं, येणारा-जाणारा त्याचं कौतुक करी. आठ महिन्यांचं असताना त्याच्या खोलीत चिंकाऱ्याचं पाडस आणलं, तर हे एवढंसं मांजर झेपावून त्याच्या मानगुटीलाच लटकलं आणि मोठ्या मुश्किलीने सोडवावं लागलं. वाघाटीचं पिल्लू 'गोड आहे, ठेवून घेऊ' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा किस्सा सांगतो. त्याने फरक पडला नाही तर कायदा सांगतो: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती आहे, वाघ-बिबट्याच्या रांगेत. तिला धरणं, पाळणं, विकणं याला ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. जागतिक पातळीवर आययूसीएन या निसर्ग संवर्धन संघटनेने २०१६ पासून तिला 'संकटसमीप' गटात ठेवलंय.

श्रीलंकेत मात्र गोष्ट वेगळी आहे, तिथे ही मांजर ओल्या, दाट जंगलातही राहते, अगदी दोन हजार मीटर उंचीपर्यंत. एक तर्क असा की भारतात ओल्या जंगलाची जागा तिच्याच कुळातल्या बिबट-मांजरीने घेतलेली आहे. श्रीलंकेत बिबट-मांजर नाही, म्हणून तिथे वाघाटीला मोकळीक मिळाली. तर्क मला पटण्यासारखा वाटतो, पण आहे तो तर्कच.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. भीमाशंकरला नेऊ नका. हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो, पण डोळे नुकते उघडलेली पिल्लं कुठल्याही जंगलात सोडली तरी सकाळपर्यंत मरतात. त्यांना अजून स्वतःहून लघवीदेखील करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. त्यांना जंगल नको, आई हवी, आणि आई तुमच्या फडाच्या कडेला, ओढ्याच्या झुडपात किंवा शेजारच्या न तोडलेल्या उसात दबून बसलेली आहे. माणसांचा आवाज, कोयते, ट्रॅक्टर यांमुळे ती दिवसा पुढे येत नाही, म्हणून आपण तिला 'पळून गेलेली आई' ठरवून मोकळे होतो. मोठी वाघाटी धरून दूर सोडणंही तितकंच चुकीचं. बिबट्यांच्या बाबतीत हा प्रयोग आपल्याच जुन्नर भागात झाला. धरून दुसरीकडे सोडल्याने त्रास थांबत नाही, उलट वाढतो, हे तिथल्या अभ्यासातून पुढे आलं.

पुनर्भेट कशी करतात ते सांगतो, म्हणजे संध्याकाळी वनखात्याची माणसं आली की तुम्हाला अंदाज राहील. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र तुमच्यापासून जवळ आहे. तिथले पशुवैद्य आणि वनखात्याचे कर्मचारी मिळून अशी कामं करतात, बिबट्याचीही आणि वाघाटीचीही. आधी पिल्लांची तपासणी: जखम आहे का, नाळेला संसर्ग आहे का, कातडी चिमटीत उचलली तर लगेच खाली बसते की तशीच उभी राहते. ती उभी राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय असं समजायचं. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड असतात, ते काढतात. मग भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेट घ्यायचा, तळाला पाचट घालायचं. त्याच सरीतलं पाचट, धुतलेलं फडकं नको. पिल्लं त्यात ठेवायची आणि दिवस मावळायच्या आत क्रेट सापडलेल्या जागी. तिथला ऊस तोडून झाला असेल तर जवळात जवळ जो आडोसा उरला असेल त्याच्या तोंडाशी, पण मूळ जागेपासून फार लांब नाही. क्रेटची उंची एवढीच हवी की पिल्लू बाहेर पडू नये आणि आईला वाकून उचलता यावं. समोर दोन-तीन मीटरवर कॅमेरा ट्रॅप, तोही जमिनीलगत. मग सगळ्यांनी निघून जायचं. सगळ्यांनी. टॉर्च मारत लांबून बघणारी दोन माणसं जरी थांबली तरी ती येत नाही. वस्तीवरची कुत्री त्या रात्री बांधून ठेवा, एवढं काम तुमचं.

ती आली की लगेच क्रेटमध्ये तोंड घालत नाही. कॅमेऱ्यात आधी कडेला नुसते दोन डोळे चमकतात, मग काही वेळ काहीच नाही. मग ती क्रेटभोवती हुंगत फिरते. पिल्लं बारीक आवाजात ओरडत असतात, त्यावर तिचं सगळं लक्ष. एकदा धीर झाला की मागचे पाय बाहेरच ठेवून आत वाकते, एकाला मानेच्या कातडीला धरून उचलते आणि अंधारात जाते. दुसरं पिल्लू एकटं उरतं तो वेळ आपल्याला फार लांब वाटतो, पण ती परतते. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकते, ही समजूत या मांजरींच्या बाबतीत खोटी आहे. पहिल्या रात्री आलीच नाही, तर पहाटे पिल्लं उचलून ऊब आणि पशुवैद्याने ठरवलेलं मांजरांच्या पिल्लांचं दूध द्यायचं आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तिथेच. पहिल्याच दिवशी आशा सोडून पिंजऱ्यात वाढवायला घेऊ नये. हाताने वाढवलेलं पिल्लू मोठं होतं, पण कुत्र्यापासून लांब राहायचं, पाऊस पडला की कुठे दबायचं, हे त्याला शिकवणारं कोणी नसतं. बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानात वाघाटीसाठी प्रजनन केंद्र आहे, त्याचा उपयोग वेगळा. तुमच्या पिल्लांना त्याची गरज नाही.

ऊस कापला गेला की तिच्या दृष्टीने काय होतं, तेही बघा. वर्ष-दीड वर्ष एक सलग आडोसा मिळतो: आत पाणी, घुशी आणि उंदरांची रेलचेल, माणसांची वर्दळ कमी. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने जिथे पूर्वी कोरडवाहू बाजरी होती तिथे हा आडोसा मैलोन्‌मैल तयार झाला. आणि मग एका आठवड्यात तो सपाट होतो. टोळी कोयत्याने तोडते तेव्हा निदान कोणाच्या तरी नजरेला पिल्लं पडतात, मुकादम फोन करतो. तोडणी यंत्र लागलं की ती शक्यताही संपते, आणि पाचट पेटवलं तर विचारूच नका. तुम्हाला जमण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. तोड सुरू करताना चारी बाजूंनी आत येऊ नका, एका बाजूने सुरुवात करा आणि ओढ्याकडची किंवा झुडपांकडची बाजू शेवटी ठेवा, म्हणजे आतल्या जनावराला निघायला वाट राहते. आणि बांधावरची बोर, करवंद, घाणेरीची जाळी सगळी साफ करू नका. ऊस नसतानाच्या दिवसांत तिचा मुक्काम तिथेच असतो. तुमच्या विहिरीला कठडा नसेल तर तोही बांधून घ्या. रात्री फिरणारी जनावरं त्यात पडतात आणि वाघाटीसारख्या लहान जिवाचं पडलेलं कोणाला कळतही नाही.

एक काळजी मला कुत्र्यांइतकीच वाटते, ती घरच्या मांजरांची. मोकाट मांजरांतला पॅनल्युकोपेनियासारखा रोग रानातल्या मांजरांना लागू शकतो, आणि घरच्या मांजरांशी संकर झाल्याच्या नोंदीही आहेत. म्हणूनच वर म्हटलं, घरातलं मांजर पिल्लांजवळ फिरकू देऊ नका.

राहिला कोंबड्यांचा प्रश्न. पुन्हा वजन. तुमची गावरान कोंबडी दीड किलोच्या आसपास असेल, म्हणजे वाघाटीपेक्षा जड किंवा तिच्याएवढी. खुराड्यातली मोठी कोंबडी फरपटत नेणारं जनावर बहुतेक वेळा रानमांजर असतं, नाहीतर मुंगूस किंवा कोल्हा. वाघाटी कोंबडीची लहान पिल्लं उचलू शकते, ते मी नाकारत नाही. खुराड्याला खालून फळी, बाजूंनी बोटभर भोकांची जाळी आणि दिवस मावळताच कडी, एवढ्यात तो प्रश्न मिटतो. उलट बाजूचा हिशेब असा: राजस्थानात सरिस्का इथे रानमांजरांवर झालेल्या अभ्यासात एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खातं असं दिसलं. वाघाटी त्याहून पुष्कळ लहान, तेव्हा तिचा आकडा कमी असणार, पण उसाची मुळं कुरतडणाऱ्या उंदरांवरच तीही जगते. त्यासाठी तुम्ही ब्रोमॅडिओलोनसारखं रक्त गोठू न देणारं औषध टाकत असाल, तर विष खाऊन सुस्त झालेला उंदीर तिलाच आधी सापडतो. निदान ही पिल्लं शेतात आहेत तोवर ते टाकू नका. मेलेले उंदीर दिसले तर पुरून टाका, आणि वनरक्षक येतील तेव्हा औषध कुठे कुठे टाकलंय हे त्यांना आठवणीने सांगा.